बटण दाबलं की पडणारी आरसीसीबी शॉक लागताना का पडली नाही?

चैत्रातली यात्रा, मिरज तालुक्यातलं कृष्णाकाठचं गाव. संध्याकाळी सहाच्या सुमारास वळीव कोसळला. पाऊस अर्ध्या तासात थांबला, पण गावची लाईट गेली ती गेलीच. मंडपवाल्यांनी टेम्पोच्या हौद्यातला जनरेटर चालू केला, देवळापासून कुस्तीच्या मैदानापर्यंतचे फोकस लागले आणि पालखीची तयारी सुरू झाली. सव्वासातला मंडपाकडचा एक पोरगा जादाचा फोकस काढायला टेम्पोकडे गेला. वय बावीस-तेवीस. पायात चप्पल नाही, घोट्यापर्यंत चिखल. वर चढायला त्यानं फाळक्याला हात घातला आणि तो तिथंच चिकटला.

शेजारी माळा सोडवत बसलेल्या दुसऱ्या कामगारानं मंडपाखाली कोरडा राहिलेला कळक उचलून त्याच्या दंडावर मारला, म्हणून तो सुटला. तळहातावर दोन जागी भाजलं होतं. त्याला मिरजेला नेलं, ईसीजी काढला, रात्रभर देखरेखीखाली ठेवलं. पोरगा वाचला. शॉक लागून उठून बसलेल्या माणसाला ‘काही झालं नाही, चहा पी’ म्हणून घरी सोडू नका, एवढं इथंच सांगून ठेवतो. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडली असेल तर ती बाहेरून दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपाच्या मालकांचा फोन आला. त्यांना सगळे आण्णा म्हणतात, मीही म्हणतो. आवाज बसलेला होता.

“साहेब, तुम्ही सांगितल्यागत आरसीसीबी बसवलीया की टेम्पोत. मग पडली का न्हाई?”

आरसीसीबी म्हणजे गेलेला आणि परत आलेला करंट यांत फरक दिसला की लाईट तोडणारा खटका. दोन वर्षांपूर्वी मीच त्यांना ती बसवायला सांगितली होती. बसवताना मी तिथं नव्हतो, आणि नंतरही कधी जाऊन पाहिली नव्हती. त्यामुळे हा प्रश्न माझ्याही दारात आला होता. मल्टिमीटर, मेगर (वायरीचं इन्सुलेशन धड आहे का ते तपासणारं यंत्र), अर्थ टेस्टर आणि आरसीसीबी तपासायचं यंत्र घेऊन निघालो. जाताना फोनवर एकच सांगितलं, की कुठलीही वायर सोडू नका, काल होतं तसंच राहू द्या.

टेम्पो जसा सापडला तसा

हौद्यात १० केव्हीएचा सिंगल फेज सायलेंट जनरेटर. खाली चार रबरी पॅड, म्हणजे धक्के आणि थरथर टेम्पोला लागू नये म्हणून असतात ते. बाजूला लोखंडी पत्र्याचा बोर्ड, त्यात ६३ अँपिअरची एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की पडणारा खटका, तिच्याखाली ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, आणि पुढे सहा लाईनी. लाईनींच्या वायरी हौद्याच्या पत्र्याला पाडलेल्या एका भोकातून बाहेर गेलेल्या. भोकाला रबरी कडं नव्हतं, पत्र्याची धार तशीच उघडी.

अर्थिंगही होतं. टेम्पोच्या मागच्या चाकाशेजारी दोन फुटी सळई ठोकलेली, तिला बाइंडिंग वायरनं आवळलेली एक हिरवी तार, आणि ती तार जनरेटरच्या कॅनोपीच्या, म्हणजे बाहेरच्या पत्र्याच्या पेटीच्या, बोल्टला. सकाळपासून तिथं जमलेल्या प्रत्येकाचं मत एकच होतं, ‘अर्थिंग ढिलं असणार’. कुणी सळईवर पाणी ओतून पाहिलं होतं, कुणी मीठ आणायला पाठवलं होतं.

मी आधी आरसीसीबीचं बटण दाबलं. खट्‌कन पडली. आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. “बगा. रोज चालू करायच्या आदी पोरं दाबत्यात. रोज पडतीया.”

त्या बटणावर किती जणांचा किती विश्वास असतो हे मला नव्यानं कळलं. बटण दाबल्यावर आरसीसीबीच्या आतल्या आत एक छोटा रेझिस्टर एका तारेच्या अलीकडून दुसऱ्या तारेच्या पलीकडे जोडला जातो. त्यातून जाणारा करंट आतल्या कड्याला चुकवून जातो, दोन तारांच्या करंटमध्ये फरक पडतो आणि यंत्रणा सुटते. यावरून डबीतलं यंत्र जिवंत आहे एवढंच कळतं. डबीच्या बाहेर करंटला परत यायची वाट आहे की नाही हे त्या बटणाला ठाऊकच नसतं. हिरवी तार पूर्ण कापून टाकली तरी बटण दाबल्यावर आरसीसीबी पडणारच.

सळई कुणाला जोडली होती?

मल्टिमीटर सातत्यावर (जोड असेल तर वाजतो) ठेवून एक टोक कॅनोपीच्या बोल्टला लावलं, दुसरं टेम्पोच्या फाळक्याला रंग खरवडून. मीटर गप्प. चासीला लावलं, तरी गप्प. रबरी पॅडांनी जनरेटर टेम्पोपासून पुरता तोडून ठेवला होता. बॅटरीही जनरेटरची वेगळी, तिचा निगेटिव्ह इंजिनाच्याच ब्लॉकला, त्यामुळे त्या बाजूनंही टेम्पोशी नातं नव्हतं. सळई होती, तार होती, पण पोराच्या हाताला जो पत्रा लागला त्याच्याशी तिचा काडीचा संबंध नव्हता. टेम्पो बिचारा टायरांवर उभा होता.

वाहनावर बसवलेल्या जनरेटरमध्ये ही गोष्ट फार वेळा राहून जाते, कारण डोळ्यांना ते सगळं एकच लोखंड दिसतं. जनरेटर टेम्पोत, टेम्पो लोखंडाचा, म्हणजे सगळं जोडलेलंच, असं आपण धरून चालतो. त्यात रबरी पॅड असतात, रंगाचे थर असतात, गंज असतो. कधी पॅडमधला बोल्ट टेकतो म्हणून सकाळी मीटर वाजतो, आणि रस्त्याच्या दोन खड्ड्यांनंतर संध्याकाळी वाजत नाही.

मग मेगर लावला. सगळ्या लाईनी सुट्या करून प्रत्येक तार टेम्पोच्या बॉडीशी ५०० व्होल्टवर तपासली. पाच लाईनी ठीक. पाचव्या नंबरच्या लाईनीची एक तार थेट शून्य. भोकाच्या धारेवर घासून तिचं प्लास्टिक कापलं होतं आणि तांबं पत्र्याला टेकलं होतं.

इथं कुणीही म्हणेल, सापडलं कारण. मलाही क्षणभर तसं वाटलं. पण पत्र्याला टेकलेली तार मी तशीच ठेवली, बाकीच्या सगळ्या लाईनी काढल्या, त्या लाईनीचा बाहेरचा भागही सोडवला आणि जनरेटर चालू केला. टेम्पोच्या बॉडीपासून जमिनीत टोचलेल्या वेगळ्या सळईपर्यंत व्होल्टेज मोजलं. टेस्ट लॅम्पही लावला. दिवा लागला नाही. म्हणजे तार पत्र्याला टेकली होती, टेम्पो ‘लाइव्ह’ होता, आणि तरीही त्याला हात लावून काही झालं नसतं.

आण्णांच्या पुतण्याला हे पटेना. “दादा, करंट बॉडीत आलाय म्हणताय, आन् जमिनीवर उभं राहून हात लावला तर शॉक न्हाई?”

करंट कुठं जातो

आपल्याकडे ‘करंट जमिनीत जातो’ असं सर्रास म्हणतात आणि तिथंच गोंधळ सुरू होतो. करंट जमिनीत मुरत नाही. तो जिथून निघाला तिथंच परत यायला बघतो. घरात फेजला हात लागून शॉक बसतो, कारण महावितरणच्या ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो. माणसाच्या अंगातून जमिनीत आणि जमिनीतून ट्रान्सफॉर्मरकडे अशी वाट तयार असते.

आण्णांच्या जनरेटरला ती वाट नव्हती. अल्टरनेटरची, म्हणजे जनरेटरमधल्या वीज तयार करणाऱ्या भागाची, दोन टोकं निघत होती आणि दोन्हींपैकी एकही फ्रेमला जोडलेलं नव्हतं. याला तरंगता न्यूट्रल म्हणतात, आणि खरं तर तिथं ‘फेज’ आणि ‘न्यूट्रल’ ही नावंच पोकळ असतात, दोन्ही तारा सारख्याच. मी मोजलं तेव्हा सगळ्या लाईनी काढलेल्या स्थितीत एका टोकापासून जनरेटरच्या फ्रेमपर्यंत ११८ आणि दुसऱ्यापासून १०९ व्होल्ट दिसले. न्यूट्रल फ्रेमला जोडलेला असता तर एकीकडे २३० आणि दुसरीकडे शून्य दिसायला हवं होतं.

ही चाचणी कुणीही जाणकार वायरमन पाच मिनिटांत करू शकतो, म्हणून तिच्यातला धोकाही सांगतो. लाईनी जोडलेल्या ठेवून मोजलं, आणि एखादी तार त्याच फ्रेमला कुठंतरी टेकलेली असली, तर तरंगता जनरेटरही २३० आणि शून्य दाखवतो. दोष असलेला संच जोडलेल्या संचासारखा दिसतो. म्हणून बाहेरच्या सगळ्या वायरी काढूनच मोजायचं.

तरंगता जनरेटर मुळात चुकीचा असतो असंही नाही. शेतात एक छोटा जनरेटर, त्याला एकच यंत्र जोडलेलं, वायर धड, तर ही मांडणी सुरक्षित असते. एका ठिकाणी दोष आला तरी वाट पूर्ण होत नाही, शॉक लागत नाही. पण यात्रेत वायर दोन-दोनशे मीटर पसरते, पाइपच्या तीस खांबांना बांधली जाते, चिखलात पडते, बैलगाड्या तिच्यावरून जातात. तिथं पहिला दोष येतो आणि कुणाला कळत नाही. ना दिवा विझत, ना एमसीबी पडत, ना आरसीसीबी. तो दोष आठवडाभर, महिनाभर तसाच राहतो आणि दुसऱ्याची वाट बघतो.

दुसरा दोष कुस्तीच्या मैदानाजवळ सापडला. त्याच पाचव्या लाईनीवर, पाइपच्या एका खांबावर. फोकसच्या वायरीचा जोड टेपनं गुंडाळलेला होता, टेप भिजला होता आणि बांधायची तार आवळताना तिनं प्लास्टिक कापून आतलं तांबं गाठलं होतं. मात्र ही तार दुसरी होती. टेम्पोच्या पत्र्याला एक टोक, खांबाला दुसरं टोक. खांबाचं बूड ओल्या काळ्या मातीत दीड फूट पुरलेलं.

आता चित्र जुळलं. वळीव पडेपर्यंत सुकी भेगाळलेली माती खांबाला धड टेकतही नव्हती. पाऊस पडला, माती फुगून खांबाला चिकटली, आणि जनरेटरचं एक टोक जमिनीपर्यंत पोचलं. दुसरं टोक टेम्पोच्या फाळक्यावर होतंच. मध्ये फक्त एक माणूस यायचा बाकी होता.

मी तो खांब पुन्हा लाईनीला जोडला आणि टेम्पो ते जमीन व्होल्टेज मोजलं. दोनशेच्या वर. मघाचाच टेस्ट लॅम्प आता लागला. आरसीसीबी शांत होती.

आण्णांच्या प्रश्नाचं उत्तर इथं होतं. आरसीसीबी दोन तारांतल्या करंटची तुलना करते. जेवढा गेला तेवढा परत आला तर ती हलत नाही. टेम्पोचा दोष आणि खांबाचा दोष, दोन्ही तिच्या पुढच्या बाजूला होते. करंट तिच्यातून एका तारेनं गेला, पत्र्यावरून पोराच्या हातात, पायातून जमिनीत, जमिनीतून खांबाकडे, खांबातून दुसऱ्या तारेत आणि तिथून पुन्हा तिच्यातूनच जनरेटरकडे. गेला तेवढा आला. तिच्या हिशेबी तो पोरगा म्हणजे आणखी एक फोकस होता.

हे सांगताना माझा घसा दाटला. आण्णा बराच वेळ टेम्पोच्या चाकाकडे बघत उभे राहिले.

जोड होता, पण काढला होता

अल्टरनेटरच्या टर्मिनल बॉक्सचं झाकण काढलं. एका टर्मिनलच्या वॉशरभोवती लखलखीत गोल खूण होती, बाकी सगळीकडे धूळ आणि तेल. फ्रेमच्या बोल्टला एक लग आवळलेला, त्यातून निघालेली तार बोटभरावर पक्कडीनं तोडलेली. म्हणजे न्यूट्रल ते फ्रेम जोड मुळात होता. कुणीतरी जाणून काढला होता.

ज्या वायरमननं तो काढला त्यांना आण्णांनीच फोन लावला. ते या कामात माझ्याहून जुने आहेत, त्यांनी काही लपवलं नाही. आधीच्या लग्नसराईत एका मंगल कार्यालयाला याच टेम्पोवरून लाईट दिली होती. चेंजओव्हर, म्हणजे महावितरणवरून जनरेटरवर नेणारा खटका, टाकला की आरसीसीबी पडायची. पुन्हा उचलली की पुन्हा पडायची. अक्षतांची वेळ झालेली, मंडपात अंधार, दोन्हीकडची मंडळी अंगावर आलेली. त्यांनी अंदाजानं जोड तोडला. आरसीसीबी पडायची थांबली. ‘दोष गेला’ असं सगळ्यांना वाटलं आणि टेम्पो पुढच्या कामाला गेला.

त्यांना मी दोष देत नाही. त्या रात्री त्यांना जे दिसलं त्यावरून कुणीही तेच केलं असतं. पण आरसीसीबी का पडत होती हे कळल्याशिवाय आमचं काम पुरं होणार नव्हतं, कारण नुसता जोड परत लावला असता तर पुढच्या लग्नात तो पुन्हा तुटला असता.

कार्यालय पाहायला गेलो. तिथला चेंजओव्हर फक्त फेज बदलत होता. न्यूट्रल सगळ्यांचा एकत्र, पितळी पट्टीवर, कायमचा. म्हणजे जनरेटर चालू असताना त्याचा न्यूट्रल महावितरणच्या न्यूट्रललाही जोडलेला राहायचा, आणि तो न्यूट्रल तिकडे ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीत होताच. इकडे जनरेटरची फ्रेम वायरमननं, चांगल्या बुद्धीनं, कार्यालयाच्या अर्थ पिटला जोडली होती. न्यूट्रल दोन ठिकाणी जमिनीशी बांधला गेला. पंखे-दिव्यांचा परतणारा करंट मग दोन वाटांनी यायला लागला. बराचसा न्यूट्रलच्या तारेनं, थोडा जमिनीतून अर्थ पिट, फ्रेम आणि जोड अशा आडवाटेनं. आडवाटेचा करंट आरसीसीबीला चुकवून जायचा, फरक ३० मिलिअँपिअरच्या वर जायचा आणि ती पडायची. ती बरोबर वागत होती. चूक चेंजओव्हरची होती. तिथं न्यूट्रलही बदलणारा, म्हणजे सिंगल फेजला दोन पोलचा आणि थ्री फेजला चार पोलचा चेंजओव्हर हवा.

काय बदललं

सर्वांत आधी जोड. १० चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, अल्टरनेटरच्या एका टोकापासून फ्रेमला, एकाच ठिकाणी आणि आरसीसीबीच्या अलीकडे. ती पलीकडे पडली तर दोषाचा करंटही आरसीसीबीतूनच परत येतो, तिला फरक दिसत नाही आणि ती पडतच नाही. जोडाशेजारी पत्र्यावर लिहून घेतलं: ‘हा जोड काढू नये’.

दुसरं, सगळं लोखंड एक करणं. अल्टरनेटरची फ्रेम, इंजिनाचा बेस, कॅनोपी, बोर्डाचा पत्रा आणि टेम्पोची चासी, या सगळ्यांना २५ चौरस मिलिमीटरच्या विणलेल्या तांब्याच्या लवचिक पट्ट्यांनी बांधलं. पट्टी लवचिकच हवी, कारण रबरी पॅडांवर जनरेटर हलतो आणि कडक तार काही महिन्यांत बोल्टापाशी तुटते. प्रत्येक ठिकाणी रंग खरवडून चकचकीत धातू काढला, दात्यांचे वॉशर घातले, वरून पेट्रोलियम जेली. आता फाळका ते अल्टरनेटरची फ्रेम मीटर ०.१ ओहमच्या आत दाखवतो. फाळक्याचं बिजागर गंजकं होतं, त्याला वेगळी पट्टी दिली. पोराचा हात तिथंच लागला होता.

तिसरं, वायरी. भोक बुजवून टाकलं. हौद्याच्या बाजूला झाकणाचे निळे औद्योगिक सॉकेट बसवले आणि दोन तारांच्या सगळ्या वायरी बाद करून तीन तारांच्या रबरी केबल घेतल्या, तिसरी तार हिरवी, फ्रेमपासून खांबांपर्यंत जाणारी. खर्च इथं सर्वांत जास्त झाला, आणि आण्णांनी घासाघीस केली ती फक्त इथं. “खांबाला हिरवी तार कशाला? खांब जमिनीतच हाय की.”

आजही हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, म्हणून उत्तर आकड्यांत देतो. १६ मिलिमीटर जाडीचा, १.२ मीटर लांबीचा रॉड जमिनीत ठोकला, तर त्याचा रोध साधारण मातीच्या विशिष्ट रोधाच्या ०.७ पट येतो. ओल्या काळ्या मातीचा विशिष्ट रोध १० ओहम-मीटर धरला तर रॉडचा रोध सातेक ओहम. जत-आटपाडीकडच्या कोरड्या मुरमात तोच ३०० धरला तर दोनशेच्या वर. २३० व्होल्टला दोनशे ओहमची वाट दिली तर जेमतेम एक अँपिअर वाहतो. त्यानं १६ अँपिअरची एमसीबी जन्मात पडत नाही. काळ्या मातीतसुद्धा रॉड सात ओहमचा असला तरी खांबाच्या बुडाचा रोध त्यात मिळवावा लागतो. करंटला जमिनीच्या भरवशावर परत पाठवणं म्हणजे नदीच्या पात्रातून गाडी काढणं, एका ऋतूत जमतं आणि दुसऱ्यात बुडवतं. हिरवी तार ही पुलाची वाट आहे. खांबाला दोष आला की तिच्यातून तो सरळ फ्रेमवर आणि जोडातून अल्टरनेटरकडे येतो, पहिल्याच दोषाला, पाऊस असो वा नसो.

चौथं, संरक्षणाची मांडणी. ६३ अँपिअरची मुख्य एमसीबी या जनरेटरला शोभतच नव्हती. १० केव्हीएचा पूर्ण भार ४३ अँपिअरच्या आसपास. सी प्रकारची ६३ ची एमसीबी झटक्यात पडायला रेटिंगच्या ५ ते १० पट करंट लागतो, म्हणजे किमान ३१५ अँपिअर. छोटा अल्टरनेटर शॉर्ट झाल्यावर रेटिंगच्या तिपटीच्या आसपास थोडा वेळ देतो, काही तर तेवढाही देत नाहीत, व्होल्टेजच कोसळतं. महावितरणच्या लाईनीवर शॉर्ट झालं की धाडकन सगळं पडतं ही सवय घेऊन जनरेटरकडे बघितलं की चूक होते. जनरेटरवर एमसीबी बऱ्याचदा नुसती बघत बसते. म्हणून मुख्य ४० ची, प्रत्येक लाईनीला बी प्रकारची, म्हणजे कमी पटीच्या करंटला झटक्यात पडणारी १६ ची, आणि माणसाच्या जिवाचा भार आरसीसीबीवर.

आरसीसीबी आता सहा आहेत, लाईनीला एक, सगळ्या ३० मिलिअँपिअरच्या. त्यांच्या मागे एक १०० मिलिअँपिअरची, उशिरानं पडणारी. आधी एकच होती आणि ती पडली असती तर अख्खी यात्रा अंधारात गेली असती. गर्दीत अंधार ही लहान गोष्ट नाही. मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ ला झालेली चेंगराचेंगरी सातारा-सांगलीकडचा कुणी माणूस विसरलेला नाही, शेकडो भाविक गेले. गर्दी एकदा बिथरली की काय होतं हे आपण पाहिलंय. म्हणून दोष असेल तेवढीच लाईन जावी आणि बाकी दिवे राहावेत ही मागणी मी सोयीची म्हणून केली नाही.

रॉड ठेवायचा का?

यावर माझी आणि एका इंजिनिअर मित्राची बरीच चर्चा झाली. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडच्या कलम २५०.३४ प्रमाणे वाहनावरचा जनरेटर फक्त वाहनावरची किंवा वाहनावरच्या सॉकेटमधून केबलनं जोडलेली उपकरणं चालवत असेल, त्याची फ्रेम वाहनाच्या फ्रेमला जोडलेली असेल आणि हिरवी तार सगळीकडे नेली असेल, तर जमिनीत रॉड ठोकायची सक्ती नाही. वाहनाची फ्रेमच त्या जागी धरतात. म्हणजे वर सांगितलेले पहिले तीन बदल हीच तिथली अट आहे, आणि ‘वाहनाला अर्थिंग लागत नाही’ एवढंच ऐकून रॉड टाकून देणारे ही अट गाळतात.

मी रॉड ठेवायचा ठरवला. आपल्या यात्रेत धातूचे खांब ओल्या जमिनीत पुरलेले असतात, अनवाणी माणसं असतात, तुटलेली तार थेट चिखलात पडते. तार चिखलात पडली तर तिचा करंट जमिनीतून फ्रेमकडे परतायला रॉडशिवाय वाट नाही, आणि परतल्याशिवाय आरसीसीबीला फरक दिसत नाही. शिवाय आता न्यूट्रल जोडलेला असल्यानं रॉड फार भारी असण्याचीही गरज उरत नाही. स्पर्शाचं व्होल्टेज ५० च्या आत ठेवायचं आणि आरसीसीबी ३० मिलिअँपिअरला पडणार, तर रोध १,६६७ ओहमपर्यंत चालतो. जतच्या मुरमातला दोनशे ओहमचा रॉड एमसीबीसाठी निरुपयोगी, पण आरसीसीबीसाठी पुरेसा. आपलं आयएस ३०४३ हे अर्थिंगचं मानक आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा नियम समोर ठेवूनच बाकीची जोडणी केली. टेम्पोत आता १.२ मीटरचे तांब्याचा थर दिलेले दोन रॉड, क्लँप आणि हातोडा असतो. रॉड आधी ठोकायचा, मग जनरेटर चालू. बंद झाल्यावर सगळ्यांत शेवटी काढायचा.

एक गोष्ट यातल्या कशानंही टळत नाही. हौद्यात उभा केलेला पाइप वरच्या ११ हजारांच्या लाईनीला लागला तर ना जोड वाचवतो ना रॉड. तिथं अंतर हेच संरक्षण.

बंद करायचं बटणही बाहेर घेतलं. त्या संध्याकाळी पोरगा सुटल्यावरही टेम्पो लाइव्हच होता आणि जनरेटर बंद करायचा खटका कॅनोपीच्या आत. एक जुना कामगार दोन्ही पाय एकदम उचलून हौद्यात उडी मारून गेला आणि त्यानं बंद केला. जमीन आणि पत्रा एकाच वेळी अंगाला लागला नाही म्हणून त्याला काही झालं नाही. आता प्लॅस्टिकच्या पेटीत लाल बटण टेम्पोच्या बाहेरच्या अंगाला आहे, लोखंडाला हात न लावता दाबता येतं.

कार्यालयांचा प्रश्न सोडवायला जास्त दिवस लागले. माझं म्हणणं पक्कं होतं: जोड हलणार नाही. दोन पोलचा चेंजओव्हर नसेल तिथं इमारतीच्या वायरिंगला जनरेटर जोडायचा नाही, आपल्या केबल आणि आपले बोर्ड टाकून लाईट द्यायची. आण्णांना दोन सुपाऱ्या सोडाव्या लागल्या. ज्या कार्यालयांत त्यांचं नेहमीचं काम असतं, त्यांच्यापैकी तिघांनी मात्र चेंजओव्हर बदलून घेतले. कारण विचारलं नाही. त्या पोराची गोष्ट तोवर सगळीकडे पोचली होती.

सगळं झाल्यावर सहाही आरसीसीबी यंत्रानं तपासल्या, बटणानं नव्हे. प्रत्येक सॉकेटच्या फेज आणि हिरव्या तारेमध्ये बरोबर ३० मिलिअँपिअर सोडून. नियमानं ३०० मिलिसेकंदांच्या आत पडायला हव्यात, आमच्या सगळ्या ४० च्या आत पडल्या. मग पुतण्याच्या हातानं एका खांबाला मुद्दाम फेज टेकवून दाखवला. त्याला आवाज ऐकू आला, दिवा गेलेला दिसला आणि तो म्हणाला, “आता पहिल्यालाच बोलली.”

पुढच्या वर्षी त्याच गावच्या यात्रेला मी गेलो नव्हतो. रात्री नऊला फोन वाजला. तोच पोरगा होता, उजव्या तळहातावर अजून पांढरट डाग आहे त्याच्या.

“साहेब, तीन नंबर पडली. उचलली न्हाई मी. बाकीच्या पाच चालू हायत, पालखी निघाली.”

“लाईन फिरून बघितली का?”

“व्हय. दुकानवाल्यानं टेबलाचा लोखंडी पाय केबलीवर ठेवलाय. केबल सोडवून नवी टाकतो, मेगर मारतो, मगच उचलतो.”

मी म्हटलं, चप्पल घालून जा. तो म्हणाला, बूटच हायत.